आमची वाटचाल : आत सोडलेली माया

डॅलसजवळ अर्व्हिंगमध्ये मी साडीवरचे ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते, भारतातून शिवून आलेले ब्लाउज उसवून मापात बसवते. सुरुवात गराजमध्ये, एका मशीनवर. पहिल्याच महिन्यात एका वहिनींच्या पैठणीच्या ब्लाउजपीसचे काठ चुकीचे कापले आणि उजव्या बाहीवरचे मोर डोक्यावर उभे राहिले. पैसे परत केले, पण कापड कुठून आणणार? मशीन विकून टाकावं असंच मनाने घेतलं होतं.

त्याच सुमारास डाउनटाउनमध्ये मेन स्ट्रीटवरच्या नीमन मार्कस या महागड्या कपड्यांच्या दुकानापाशी गेले. खरेदीची ऐपत नव्हती, काचेतले कपडे बघत उभी राहिले. नीमन आणि मार्कस हे दोघे भागीदार असणार, एवढंच मला ठाऊक. नंतर वाचलं, की ही दोन्ही आडनावं एकाच बाईची : कॅरी मार्कस नीमन. जन्म १८८३, लुईव्हिलमधल्या जर्मन ज्यू घरातला. डॅलसमध्ये ए. हॅरिसच्या दुकानात ती ब्लाउजच्या विभागात कामाला होती. ब्लाउज! म्हणजे आमचीच की.

नवरा अल नीमन आणि भाऊ हर्बर्ट मार्कस यांच्याबरोबर तिने अटलांटातला धंदा विकून आलेले २५,००० डॉलर नीमन मार्कस दुकानात घातले. त्या पैशांत कोकाकोलाची एजन्सी मिळत होती, ती सोडली! १० सप्टेंबर १९०७ ला दुकान उघडलं तेव्हा कॅरी गर्भपातानंतर इस्पितळात होती आणि भाऊ टायफॉइडने अंथरुणावर. त्या काळी पैसेवाल्या बायका कपडे शिवूनच घेत, तयार कपडा म्हणजे हलका असा समज. तरी न्यूयॉर्कहून आणलेला तयार माल काही आठवड्यांत संपला. १९१३ मध्ये दुकान जळालं, पुढच्याच वर्षी आताच्या जागी उभं राहिलं. १९२८ मध्ये घटस्फोट झाला, पण दुकान तिने सोडलं नाही. १९५० मध्ये भाऊ गेल्यावर अध्यक्षपद तिच्याकडे आलं, ते १९५३ मध्ये ती जाईपर्यंत.

गिऱ्हाइकाला जे लाभत नाही ते विकून दुकानालाही लाभत नाही, असं हर्बर्ट सांगत. मी त्यातलं एवढंच उचललं : न शोभणारा गळा कोणी मागितला तर तोंडावर सांगते, आणि शिवणीत दीड इंच माया, म्हणजे आतलं जादा कापड, सोडते. अंग सुटलं तरी बाजूची शिवण उसवून ब्लाउज पुन्हा बसतो. नवं शिवण्याचे पैसे बुडतात, हे खरं.

पैठणीवाल्या वहिनी गेल्या दिवाळीत लेकीचं माप द्यायला आल्या. काठ जोडण्याआधी मी त्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "मोर सरळ आहेत. लाव."