फळ्याचा डावा कोपरा

पाकिटावर शाळेचा गोल शिक्का दिसला आणि पत्र उभ्याउभ्याच फोडलं. हीरक महोत्सवाची स्मरणिका निघते आहे, माजी विद्यार्थी म्हणून मनोगत पाठवा, असा मजकूर होता. स्नेहसंमेलनं, सरस्वतीपूजन, पावसात गळणारी कौलं आणि वर्गात मांडलेल्या बालद्या, याबद्दल बाकीचे लिहितीलच. मला फक्त भूगोलाच्या सरांबद्दल लिहायचं आहे, आणि त्यातही १९७९ सालच्या दिवाळीआधीच्या अकरा दिवसांबद्दल.

सर म्हणजे कोणते सर, हे त्या वेळच्या कुणालाही विचारावं लागणार नाही. गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव मराठी शाळा निघाल्या तेव्हा सावंतवाडीकडून जी तरुण मंडळी इथं शिकवायला आली, त्यांतले ते एक. आले ते परत गेलेच नाहीत.

आम्ही नववीत होतो. भरती-ओहोटीचा धडा चालू होता. चंद्र समुद्राचं पाणी ओढून घेतो, म्हणून चंद्राखालचं पाणी फुगतं आणि भरती येते, असं सरांनी पृथ्वी-चंद्राची आकृती काढून सांगितलं. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. मी तर अधोरेखितही केलं, कारण पहिला नंबर माझा असायचा. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचा मित्र उठला. तो रोज फेरीबोटीनं यायचा आणि वर्गात सहसा तोंड उघडायचा नाही. त्यानं घरच्या भाषेतच विचारलं, "सर, चंद्र एकूच, मागीर भरती दोनदां कित्याक?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "नीट सांग."

त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या वडिलांनी खाजनातली मानस लिलावात घेतली होती. खाजन म्हणजे बांध घालून राखलेली नदीकाठची सखल शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातली लाकडी दारं. नदीचं पाणी चढलं की ती आपोआप मिटतात, उतरलं की उघडतात, म्हणून आतल्या कोरगूट भाताला खारं पाणी लागत नाही. भात कापून झालं की मासळीसाठी भरतीचं पाणी मुद्दाम आत घ्यायचं आणि ओहोटी लागली की मानशीच्या तोंडाशी जाळं लावायचं. त्याच्या वडिलांनी शाळा पाहिली नव्हती, पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ ते बिनचूक काढत. चतुर्थीला तीन वाजता. पण दुपारी तीनला आणि रात्री तीनलाही. दोन्ही वेळा उठून बांधावर जावं लागे. चंद्र डोक्यावर असतो तेव्हा पाणी चढतं हे ठीक. मग चंद्र पृथ्वीच्या पार पलीकडे असतो तेव्हा इथं पाणी कोण चढवतं?

सर किती वेळ गप्प होते ते आठवत नाही. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही." शिक्षकाच्या तोंडून हे तीन शब्द मी पहिल्यांदा ऐकले. त्यांनी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात चौकट आखली आणि आत लिहिलं, 'चंद्र एक, भरती दोन. का?' खाली लिहिलं, 'पुसू नये'.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मॉनिटरनं सवयीनं सगळा फळा पुसला, चौकटीसकट. मधल्या सुट्टीनंतर सर आले, फळ्याकडे पाहिलं, कुणालाही न रागावता तीच चौकट त्याच जागी पुन्हा आखली आणि तेच शब्द तितक्याच सावकाश लिहिले. ते पाठमोरं लिहिणं मला आजही दिसतं. सदऱ्याच्या दुमडलेल्या बाहीवर खडूची पूड पडत होती.

मला मात्र मनातून राग आला होता. त्याच्या महिनाभर आधी शाळेची तपासणी झाली होती. साहेबांसमोर मी विचारलं होतं, "विश्वाच्या पलीकडे काय आहे?" साहेबांनी पाठ थोपटली होती. सरांनी माझा प्रश्न कधी फळ्यावर लिहिला नव्हता. चौथ्या-पाचव्या दिवशी न राहवून मी त्यांना गाठलं आणि तसं बोलून दाखवलं. सर ओसरीच्या पायरीवर बसले, मलाही शेजारी बसवलं.

"तुझा प्रश्न मोठा आहे रे," ते म्हणाले. "पण त्याचं उत्तर काहीही दिलं तरी तुझं काय अडतं? त्याचं बघ. पुस्तक म्हणतं भरती एकदा यायला हवी. बाप रात्री पुन्हा उठतो. पुस्तक खरं तर बाप खोटा, बाप खरा तर पुस्तक खोटं. आणि त्याला दोघांनाही सोडता येत नाही. प्रश्न खोल होतो तो असा."

पुढच्या आयुष्यात गंभीर विचारांची, मोठमोठ्या शब्दांची पुस्तकं मी पुष्कळ वाचली, व्याख्यानंही ऐकली. पण खोली मोजायला याहून चांगली काठी मला मिळाली नाही. आफ्रिकेतल्या राजधान्या मला येत नसतील तर प्रश्न अवघड असतो, खोल नसतो. पुस्तक उघडलं की संपतो. 'जीवन म्हणजे काय' हा भारदस्त वाटतो, पण बहुतेक वेळा विचारणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं. आपण खऱ्या मानलेल्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या, आणि त्यातली एकही टाकून देववत नाही, की खाली कुठेतरी तिसरीच गोष्ट आपण न तपासता धरून चाललेलो असतो. ती हाताला लागेपर्यंत झोप लागू नये.

सरांना ती लागत नसावी. त्या आठवड्यात ते दोनदा पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन आले. अकराव्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी नववीला पटांगणात थांबवलं. स्वतः झेंड्याच्या खांबाशी उभे राहिले, ते चंद्र. समोर आम्हा तिघांना एकामागे एक खेटून उभं केलं. पुढचा म्हणजे चंद्राकडचं पाणी, मधला मी म्हणजे पृथ्वी, माझ्या मागे चोडणचा मित्र म्हणजे पलीकडचं पाणी. "चंद्र जवळच्याला जास्त ओढतो, लांबच्याला कमी. पुढच्यानं तीन पावलं या, पृथ्वीनं दोन, मागच्यानं एक."

आम्ही चाललो.

"आता मागं बघ," सर मला म्हणाले. मागं वळलो तर मित्र माझ्यापासून एक पाऊल दूर. तो मागं गेला नव्हता. चंद्राच्याच दिशेनं एक पाऊल चालला होता. मी दोन पावलं पुढं आलो होतो.

"पाण्याला ओढणारा चंद्र जमिनीलाही ओढतो," सर म्हणाले. "जमीन जागच्या जागी आहे, असं आपण सगळेच धरून बसलो होतो."

मग त्यांनी सांगितलं की यात मोठमोठे फसले. गॅलिलिओनं १६३२ सालच्या ग्रंथात भरती पृथ्वीच्या फिरण्यामुळे येते असं मांडलं, चंद्राचा संबंध नाकारला, आणि त्याच्या हिशेबानं दिवसाला एकच भरती निघत होती. न्यूटननं १६८७ मध्ये ओढीचा फरक हिशेबात घेतला तेव्हा दोन भरत्यांचं कारण सापडलं. चोडणच्या मित्राकडे पाहून सर म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, ते बरोबर होते." तो लाजून चपलेनं माती उकरत राहिला.

फळ्यावरची चौकट सरांनी त्यालाच पुसायला लावली.

मी पुढे बोटीवर गेलो, परीक्षा देत देत कॅप्टन झालो आणि गेल्या वर्षी कायमचा उतरलो. भरतीचं कोष्टक हा आमचा रोजचा पंचांग. गोव्यात उधाणाच्या दिवशी पाणी जेमतेम दोन मीटर चढतं-उतरतं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात सोळा मीटरपर्यंत. १९९१ साली मिसिसिपी नदीच्या मुखाशी पोचलो. कोष्टक उघडलं, तर दिवसाला भरती एकच! पाणी एखादा फूट चढणार आणि तेही एकदाच. आधी वाटलं छपाईची चूक आहे. मग पटांगणातली पावलं आठवली. तिथला चंद्र काही वेगळा नव्हता. खरा समुद्र पटांगणासारखा मोकळा नसतो. त्याला किनारे आडवे येतात, आणि प्रत्येक आखातातल्या पाण्याची झुलण्याची आपली लय असते. चंद्र-सूर्याच्या ओढीत दिवसातून एकदाचा आणि दोनदाचा असे दोन्ही झोके असतात. मिसिसिपी ज्या मेक्सिकोच्या आखाताला मिळते, त्याचं पाणी एकदाच्या झोक्याला साथ देतं, दोनदाच्याला फारशी देत नाही. हे गणित लाप्लासनं अठराव्या शतकातच मांडायला घेतलं होतं. मला ते समजून घ्यायला कित्येक रात्री लागल्या.

त्याच बंदरातून सरांना पत्र टाकलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, आंतरदेशीय पत्रासारखंच बारीक, दाटीवाटीचं अक्षर. शेवटी लिहिलं होतं, 'तिथल्या कोळ्याच्या मुलाला आपल्या चोडणच्या बांधावर आणून बसवलं, तर तो काय विचारेल?' पत्र माझ्या सेलरबुकात अजून आहे. सर गेले तेव्हा मी अटलांटिकमध्ये होतो. येता आलं नाही, याची खंत जात नाही.

गेल्या महिन्यात शाळा पाहून आलो. इमारत देखणी झाली आहे, पडद्यावर धडे चालतात, पृथ्वी-चंद्र गरगर फिरतात. मुलं हुशार आहेत. पण शिकवणीच्या वह्यांत प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले, आणि पडदा बंद झाला की त्यावरचं सगळं जातं. चोडणला मित्राकडेही गेलो. बांधाला भगदाड पडलं आहे, खाजनात खारं पाणी शिरून खारफुटी माजली आहे. मानस तो अजून चालवतो. रात्रीची भरती त्याला अजूनही घड्याळ न लावता जागं करते.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. हीरक महोत्सवी निधीला मी जे देणार आहे, त्यातून प्रत्येक वर्गात पडद्याच्या डाव्या बाजूला हातभर लांबीचा काळा फळा बसवावा. खडू लागतील तेवढे मी पुरवीन. सहावीतल्या फळ्यासाठी मित्राच्या नातीला विचारा. ती फेरीबोटीनंच शाळेत येते. परवा ती मला विचारत होती, मांडवीचं पाणी समुद्राकडे वाहतं, तर मग ते खारं कसं?