गोणपाटाखाली

आज दुपारी खण आवरताना गाजराच्या बियांची एक अर्धवट पुडी हाती लागली. चिमूटभर बिया तळहातावर घेतल्या आणि नेहमीचेच नवल वाटले, की सुपातून उडालेल्या भुशासारख्या दिसणाऱ्या ह्या कणांना बी म्हणायचे तरी कसे. एका ग्रॅममध्ये शेकड्यांनी भरणाऱ्या ह्या बिया जपून टाकाव्यात म्हटले, तरी बोटांतून एका ठिकाणी विसेक पडतात आणि पुढची वीतभर ओळ कोरडीच राहते.

आजी त्यांत मूठभर कोरडी वाळू मिसळत असे. वाफ्यात बोटाने रेघ ओढून, त्यात ती वाळू सोडून, वरून जेमतेम अर्धा सेंटीमीटर माती पसरली की ती हाताच्या तळव्याने हलकेच दाबायची आणि वर ओले गोणपाट अंथरायची. गाजर उगवायला 10 दिवसांपासून 3 आठवड्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो आणि तोवर वरची माती एकदाही सुकून तिची खपली धरता कामा नये, हे तिने मला सांगितले होते. मी मात्र चौथ्याच दिवशी गोणपाट उचलून केसांतल्या आकड्याने माती उकरू लागले. ती रागावली नाही. "अगं, झोप लागली का म्हणून घटकेघटकेला हलवून विचारलेस, तर माणूस झोपेल कधी?" एवढेच म्हणाली. पुढच्या खेपेस तिने गाजराच्या ओळीतच मुळ्याच्या थोड्या बिया टाकल्या. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, त्यामुळे ओळ कुठे आहे ते कळते आणि गाजर भरू लागेपर्यंत तो काढूनही होतो, असे कारण तिने दिले; पण ती सोय मुख्यतः माझ्या आकड्यासाठी होती, असा माझा दाट संशय आहे.

उकरण्याची खोड कमी झाली, तरी विरळणी मला आजतागायत जमलेली नाही. गवताच्या पात्यांसारखी दोन बारीक पाने घेऊन जे रोप इतक्या दिवसांनी वर आले, त्याच्यामागून आता कुठे पहिले झालरीचे पान फुटते आहे, आणि नेमके तेव्हाच दोन रोपांत पाचेक सेंटीमीटर अंतर राहील इतकी उपटून टाकायची, हा मला सरळसरळ विश्वासघात वाटतो. एके वर्षी उपटलेली रोपे मी हळूच दुसऱ्या कुंडीत लावली. ती जगली, पण सोटमुळाचे टोक दुखावल्यामुळे पुढे एकेका गाजराला दोन-दोन, तीन-तीन पाय फुटले. मातीत खडा राहिला किंवा शेणखत नीट कुजलेले नसले, तरी असेच होते. खोटे कशाला बोलू, सरळसोट गाजरापेक्षा ते मांडी घालून बसलेले गाजर मातीतून ओढताना मला अधिक आनंद झाला होता. न विरळलेल्या ओळीत तर दोन गाजरे एकमेकांना दोरखंडासारखी पिळे देऊन वाढली होती, आणि ती सोडवणे कुणालाच जमले नाही.

पुडीवरची तारीख पुसून गेली आहे. गाजराचे बी साधारण 3 वर्षे टिकते, त्यानंतर त्याची उगवण फार घटते, आणि ही पुडी त्याहून जुनी असावी असे तिच्या रंगावरून वाटते. म्हणून वाळू न मिसळताच सगळे बी दाट पेरले. निम्मे फुकट जाईल असे धरले, म्हणजे विरळणीचा प्रश्नच उरणार नाही. मधूनमधून मुळाही टाकला, झारीने पाणी शिंपडले आणि गोणपाट अंथरले.

ह्याला आता तीन तास होत आले. सकाळी एक कोपरा उचलून पाहीन म्हणते. कुणी विचारलेच, तर मुळा पाहत होते असे सांगता येईल.