खापर पावसावर

शनिवार, रात्री साडेअकरा

पणजीहून डिचोलीला परतले तेव्हा कपडे घामानं अंगाला चिकटले होते. पिशवीत तीन व्हिजिटिंग कार्डं, कुणीतरी दिलेला मातीचा गोळा, आणि माझा स्वतःचा कप. त्यानं आज माझी पुरती शोभा केली.

सिरॅमिक्सच्या परिषदेला पहिल्यांदाच गेले. सकाळची दोन भाषणं डुलक्यांत गेली. मध्येच पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या फरशांचे फोटो दाखवले तेवढी जाग आली. त्यांच्यासमोरून मी शंभरदा गेलेय, थांबले कधीच नाही.

चहाला आपापला कप आणायचा होता. साठ-सत्तर कुंभार एका खोलीत, आणि प्रत्येकाचा डोळा दुसऱ्याच्या कपावर! सावंतवाडीच्या एका बाईंनी माझा कप उचलून आत पाहिलं. ग्लेझवर, म्हणजे मातीवरच्या चकचकीत काचेच्या थरावर, केसाएवढ्या तड्यांचं जाळं, त्यात चहा मुरून तपकिरी झालेलं. "आमच्याकडे पाऊस फार हो, दमटपणामुळे होतं," मी न विचारताच सांगून टाकलं. म्हापशाच्या बाजारात माठ वाजवून घेतात तसं त्यांनी पेरानं कप वाजवला. ठक्. काही न बोलता खाली ठेवला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारचं सत्र नेमकं तड्यांवर. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की ताणून फाटतं. सोडा-पोटॅश जास्त असला की हे वाढतं, सिलिका घातली की कमी होतं. एवढं मला ठाऊक होतं. पण माझे कप भट्टीतून स्वच्छ निघतात, तडे दोन-तीन महिन्यांनी येतात. त्याचं उत्तर आज मिळालं. भाजणी कमी पडली की माती सच्छिद्र राहते, हवेतलं पाणी पीत किंचित फुगते. वरचा काचेचा थर काही फुगत नाही, मग तो तडकतो. म्हणजे पाऊस आहेच, पण त्याला आत घेतलं मी. माती १२२० अंशांना भाजायची, आणि विजेच्या बिलाकडे बघत तीन वर्षं मी भट्टी ११८०ला बंद करतेय.

घरी येऊन आधी कप ओव्हनमध्ये वाळवला. वजन ४१२ ग्रॅम. मग दोन तास पाण्यात उकळत ठेवला.

"कप शिजवतेस की काय?" आई म्हणाली.

पुसून पुन्हा काट्यावर ठेवला. ४३३. पाच टक्क्यांहून जास्त पाणी प्यायला मेला!

गेल्याच महिन्यात एका कॅफेला याच भट्टीतले चाळीस कप दिलेत. सोमवारी फोन करायला हवा. काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव चाललीय.

आई आतून विचारतेय, पातेल्यातल्या पाण्याचं काय करू, त्याला चहाचा वास येतोय.