उशी ओली होते का?

मिरजेतल्या एका दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर माझी खुर्ची असते. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. मला स्किझोफ्रेनिया आहे, त्यावर क्लोझापिन नावाची गोळी चालू आहे, आणि त्याच अनुभवाच्या जोरावर मला इथे पेशंटांशी बोलायला ठेवलंय.

फेब्रुवारीतली गोष्ट. तासगावकडची एक आई पंचविशीतल्या मुलाला घेऊन आली. घरची द्राक्षबाग, माल उतरायची घाई.

"आधी बाहेरचं म्हणून लई फिरलो. आता गोळ्या हायत, तर ह्यो नऊ वाजेस्तोवर लोळतोय. बाप एकटाच बागेत. थुकतोय का काय गोळ्या! आज रातीपासनं तोंड उघडून बघते."

पोरगा मान खाली घालून गप्प. आईंना केसपेपर काढायला पाठवलं (ती रांग लवकर सरत नाही, हे मला पक्कं ठाऊक) आणि विचारलं, "रात्री लाळेनं उशी ओली होते का रे?"

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझीही होते. टॉवेल टाकून झोपते मी."

मग गडी मोकळा झाला. धाकटा भाऊ हसतो, सकाळी डोकं उचलत नाही. म्हणून आठवडाभर गोळी जिभेखाली धरून मोरीत थुंकत होता. "आईला सांगू नका."

"नाही सांगत. पण डॉक्टरांना तू सांगायचंस, आजच."

त्याचीही गोळी क्लोझापिनच. तिच्यात 48 तासांहून जास्त खंड पडला, की जुना डोस एकदम घेऊन चालत नाही. रक्तदाब घसरतो, माणूस कोसळू शकतो, 12.5 मिलिग्रॅमपासून परत चढवत न्यावं लागतं. आणि आई तर आज रात्री अख्खा डोस गिळवणार होती!

"आत येऊ का सोबत?"

"या."

आत त्यानं एका दमात सगळं सांगितलं, लाळेचंसुद्धा. डॉक्टर रागावले नाहीत. रक्ताची तपासणी लिहिली, अर्ध्या गोळीपासून सुरुवात, लाळेवर आणि गुंगीवर काय करायचं तेही बोलले.

बाहेर आईंनी चिठ्ठी बघून विचारलं, "अर्धीच?" तेव्हा त्यानं स्वतःच कबूल केलं. मग जे बोलणं बसलं, ते औषधाच्या खिडकीपर्यंत ऐकू गेलं असणार. दम लागल्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

"तुमी बी ह्याच गोळ्या खाता? आन नोकरी करता? लगीन झालंय?"

"झालंय की."

आमच्या स्वमदत गटाला ये, असं मी त्याला म्हटलं.

"द्राक्षं उतरली की बघू," तो म्हणाला.