सांबऱ्याला ॲरोने जाताना: पंप उघडू देण्याआधी स्विच पाहा

बारामतीहून पायपर ॲरो या, उडताना चाके पोटात ओढून घेणाऱ्या छोट्या एक-इंजिनी विमानाने बेळगावला जाणाऱ्यांना वाटेत अवघड असे काही नाही. सांगली, निपाणी, संकेश्वर मागे पडले की बेळगावच्या विमानतळाची, म्हणजे सांबऱ्याची, २,३०० मीटरची धावपट्टी स्वच्छ हवेत लांबूनच दिसते. आमची परीक्षा झाली ती उतरताना. चाक खाली येऊन पक्के बसले (लॉक झाले) की त्याचा हिरवा दिवा लागतो. चाके सोडल्यावर उजवा आणि पुढचा हिरवा दिवा लागला, डावा लागलाच नाही. निघण्यापूर्वी देखभाल करणाऱ्याने "बल्ब बदलला आहे, आता तक्रार राहणार नाही" असे छातीठोकपणे सांगितले होते, त्यामुळे संताप अधिक झाला.

एखादा हिरवा दिवा दिसला नाही, तर पॅनेलच्या दिव्यांचे बटण आधी बंद करावे, कारण ते चालू असताना हिरवे दिवे मंद होतात आणि दुपारच्या उन्हात विझल्यासारखे वाटतात. मग शेजारचा पेटलेला बल्ब काढून तेथे लावून पाहावा. खरा निवाडा मात्र चाके पक्की नसल्याचा इशारा देणारा लाल दिवा करतो. तो विझलेला आणि चाके वरखाली करणारा तेलाचा पंप थांबलेला असेल, तर दोष बल्बचा. तो पेटलेला असेल आणि पंपाची घरघर थांबत नसेल, तर एखादे चाक पक्के बसलेले नाही, किंवा बसूनही त्याचा स्विच तसे कळवत नाही. आमचा लाल दिवा पेटलेलाच होता.

सांबरे समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. तापमान ३५ अंशांवर गेले की विमानाला तेथील हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ वाटते, आणि चाके खाली ठेवून पुन्हा वर चढणे फार मंद होते. म्हणून घिरट्या घालायच्या त्या उंची राखूनच. टॉवरला चाके पाहायला सांगावे, पण चाक खाली आहे एवढेच तेथून दिसते, ते पक्के बसले आहे की नाही हे दिसत नाही. वेग ८७ नॉटच्या खाली आणून आम्ही आणीबाणीचा दांडा दाबला आणि विमान डावीउजवीकडे झटक्याने हलवले. दिवा लागला नाही. चाकांनी मात्र उतरताना भार घेतला.

खरा मनस्ताप जमिनीवर झाला. बाहेरून बोलावलेल्या तंत्रज्ञाने विमान जॅकवर न घेताच "पंप गेला" असा निर्णय दिला, पंप उतरवण्याचा आणि प्रवासाचा खर्च आगाऊ मागितला आणि पाहणीचे म्हणून जे घेतले ते निव्वळ लुबाडणे होते. चाके हवेत उचलून वरखाली करून न पाहता दिलेल्या निदानाचा एक रुपयाही देऊ नये.

हवाई दलातून निवृत्त झालेले बेळगावचे एक काका सायंकाळी आले. पंपाचे ऐकून ते म्हणाले, "पंपाला काय झालंय ओ, तो फिरतोय की! चाकाजवळचा स्विच बघा आधी." टॉर्चच्या उजेडात दिसले की डाव्या चाकाच्या आडव्या दुव्यावरील स्विचची पट्टी वाळलेल्या तांबड्या चिखलात रुतली होती आणि तिच्याजवळच्या तारेचे आवरण फुटले होते. वळिवानंतर कच्च्या जागेवरून विमान चालवले की चिखल नेमका तेथेच उडतो. पुढे परवानाधारक अभियंत्याने तार बदलली, विमान जॅकवर घेतले, शेपटीला वजन बांधले, चाके अनेकदा वरखाली केली आणि मगच सही दिली.

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकची (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांची) कामे करणारे कसबी लोक आहेत, पण तेथील औद्योगिक तेल किंवा सील या विमानात घालू देऊ नये. येथे ५६०६ प्रकारचे विमानाचे लाल हायड्रॉलिक तेलच लागते. मोटारीच्या ब्रेकचे तेल सील खराब करते. ५६०६ तेल, दोन बल्ब आणि देखभालीची पुस्तिका सोबत न्यावी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग जमतात, म्हणून सकाळीच उतरावे. नंतरचे दिवस सुखाचे गेले. त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. परतताना मात्र तीनही हिरवे दिवे लागेपर्यंत माझी नजर त्यांच्यावरून हलली नाही, आणि ते एकदम लागले तेव्हा त्या काकांचे ऋण मनापासून जाणवले.