गणिताच्या बाई आणि पीटर्सबर्गच्या तिघी

आमची ८७ ची दहावीची बॅच. गणिताच्या बाई भूमिती शिकवता शिकवता मधेच रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्कायाची गोष्ट सांगायच्या. लहानपणी तिच्या खोलीला वॉलपेपर कमी पडला म्हणून घरच्यांनी कॅल्क्युलसच्या लेक्चरचे छापील कागद भिंतीला चिकटवले आणि ती पोरगी तासन्‌तास तिकडेच बघत बसायची. रशियात बायकांना युनिव्हर्सिटी बंद, देशाबाहेर जायचं तरी बापाची नाहीतर नवऱ्याची परवानगी हवी, म्हणून १८६८ ला तिने नावापुरतं लग्न केलं, जर्मनीत जाऊन शिकली आणि १८७४ ला डॉक्टरेट मिळवली. आम्ही पोरी आ वासून ऐकायचो.

रिझल्ट लागला आणि घरात ठरलं, आता शिक्षण पुरे. तर बाई भर पावसात घरी आल्या, ओली छत्री दाराशी टेकवली, चहा घेतला आणि पिशवीतून कॉलेजचा फॉर्म काढून वडिलांपुढे ठेवला. "सही तेवढी करा, फीचं मी बघते." दुसरं काही बोलल्याच नाहीत.

कोवालेव्स्काया परदेशी गेली, पण ज्यांना जाता येत नव्हतं त्यांचं काय, हे मला खूप उशिरा वाचायला मिळालं. रशियातच, पीटर्सबर्गात तिघी मैत्रिणी होत्या, नादेझ्दा स्तासोवा, मारिया त्रुब्निकोवा आणि आन्ना फिलोसोफोवा. १८६३ नंतर बायकांना साधं लेक्चरला बसायचीही बंदी झाली होती. १८६८ ला यांनी जवळपास ४०० बायकांच्या सह्या गोळा करून अर्ज दिला, शिक्षणमंत्री दिमित्री तोल्स्तोयने पूर्ण युनिव्हर्सिटी शिक्षण नाकारलं, फक्त जाहीर लेक्चरं चालतील म्हणाला. मग त्यांनी तेवढंच धरून ठेवलं, प्रोफेसर जमवले, पैसे जमवले, आणि पूर्ण दहा वर्षांनी, १८७८ ला बायकांच्या उच्च शिक्षणासाठीचे बेस्तुझेव्ह कोर्सेस सुरू झाले. आवर्त सारणीवाल्या मेंडेलीव्हसारखे लोक तिथे शिकवायला होते! डिग्री मात्र मिळत नव्हती. १८८६ ला नवीन अ‍ॅडमिशन बंद केल्या, १८८९ ला परत सुरू झाल्या तेव्हा स्तासोवाला कोर्सेस सांभाळायच्या पदावरून दूर केलं. मला हे वाचून खरंच रडू आलं, कारण ती स्वतः कधीच युनिव्हर्सिटीत शिकली नव्हती, घरीच शिकलेली, आणि कोर्सेस उघडले तेव्हा ५६ वर्षांची होती.

आमच्या बाईही बीएडच्या पुढे शिकल्या नाहीत, घरची जबाबदारी होती. माझ्याआधी आणि माझ्यानंतर किती जणींच्या घरी त्या अशा फॉर्म घेऊन गेल्या, हे आता बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकेक जण सांगतेय तेव्हा कळतंय. त्यांच्या नावाने अकरावीच्या फीसाठी फंड काढायचं ठरलंय, पहिले पैसे जूनमध्ये भरतोय.