चरईचा दादा, वेल्सचा डॉक्टर

आम्ही चारही भावंडं याच शाळेत शिकलो, पण अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर मला दादाबद्दलच लिहावंसं वाटलं. दादा १९६४ चा अकरावी मॅट्रिक, नंतर परळला केईएम. आता साऊथ वेल्समधे असतो, तिथल्या कोळसा खाणींच्या खोऱ्यातल्या एका छोट्या गावात आयुष्यभर डॉक्टरकी करून रिटायर झालाय.

आपल्या शास्त्राच्या सरांचा एक नियम जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. जर्नलमधे निरीक्षणाचा रकाना पूर्ण भरल्याशिवाय अनुमान लिहायचं नाही, लिहिलंत तर सर पान पुन्हा लिहायला लावायचे. आम्ही बाकीच्यांनी तो नियम मार्कांपुरता पाळला, दादाने तो घरी आणला.

आमचे बाबा परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. पहाटेची लोकल, संध्याकाळी खोकत घरी. ठाण्यात चरईतली आमची अख्खी चाळ म्हणायची दमा आहे, आईपण तेच म्हणायची. दादा केईएमला शिकत असताना त्याने भिंतीवरच्या साध्या कॅलेंडरवर बाबांना धाप लागली की खूण करायला सुरुवात केली, कोणाला काही बोलला नाही, आणि थोड्याच आठवड्यांत दिसायला लागलं की सुट्टी संपवून बाबा कामावर गेले की त्या दिवशी छाती जास्त भरते आणि मग शनिवारपर्यंत हळूहळू कमी होते. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस सुरुवातीला असाच वागतो. कार्डिंग खात्यात ती धूळ सगळ्यात जास्त. त्याने आपल्या मोठ्या डॉक्टरांना कॅलेंडर दाखवलं, बाबांची तपासणी झाली, चिठ्ठी मिळाली आणि बाबांना दुसऱ्या खात्यात काम मिळालं. गेलेला श्वास परत आला नाही पण पुढची बरीच वर्षं मिळाली, आणि ती दादाने मिळवून दिली असं मी आजही मानते.

१९७४ ला तो इंग्लंडला गेला. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, बाबांची नोकरी संपत आली होती, आणि त्याला सर्जन व्हायचं होतं. नशीब बघा, पुढच्याच वर्षी तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय डिग्रीला सरळ मान्यता देणं बंद केलं आणि परीक्षा लावली. दादा वाचला, पण सर्जरीचं दार काही उघडलं नाही. त्या काळात आपल्याकडच्या डॉक्टरांना बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसांचे वॉर्ड मिळायचे नाहीतर जिथे गोरे डॉक्टर जायला तयार नसत अशी गावं. दादाला दोन्ही मिळालं, आधी जेरियाट्रिक वॉर्ड आणि मग हे खाणीचं गाव. त्याला वाईट वाटलं होतं, पत्रात एकदाच लिहिलं होतं त्याने, आणि मला ते पत्र वाचून फार रडू आलं होतं.

पण गावात पहिल्या आठवड्यातच जे पेशंट आले ते सगळे खोकणारे! कोळशाची धूळ फुफ्फुसात बसलेली, न्यूमोकोनिओसिस, चार पायऱ्या चढले की थांबणारे पन्नाशीचे पुरुष. दादाने लिहिलं, इथे सगळे बाबाच आहेत. त्यानंतर त्याने गाव सोडायचा विचार केला नाही. तिथले लोक त्याला अभिमानाने सांगायचे की एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, उभी करणारा अन्युरिन बेव्हन आमच्याच खोऱ्यांतला, ट्रेडेगर गावचा, आणि खाणकामगारांनी पगारातून वर्गणी काढून चालवलेली दवाखान्याची सोसायटी बघूनच त्याला ती कल्पना आली. दादा ठाण्याला आला की हेच सगळं आम्हाला तितक्याच अभिमानाने सांगायचा. इथे १९८२ ला गिरणी संप झाला आणि तिथे १९८४ ला खाणकामगारांचा, वर्षभर चालला तो, आणि नंतर एकेक खाण बंद होत गेली. दादाने दोन्हीकडची घरं बसलेली बघितली. तो सांगायचा की काम गेल्यावर माणसं गोळी मागायला येत नाहीत, नुसती येऊन बसतात, त्यांना बसू द्यायचं.

आता वहिनीबद्दल लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. २००४ चा डॉक्टरांचा एनएचएसशी नवा करार होईपर्यंत तिथल्या फॅमिली डॉक्टरवर चोवीस तासांची जबाबदारी असायची आणि दादा तर एकटाच. दादा रात्री डोंगरातल्या एखाद्या घरी गेला की इकडे फोन वहिनी घ्यायची, कडेवर मूल, समोर वही, कोणाला काय होतंय, कधीपासून, श्वास कसा, सगळं लिहून घ्यायची आणि कुठल्या घरी आधी जायला हवं हे तिला कळायचं. दिवसा रिसेप्शन तीच, हिशोब तीच, शिवाय घरी मुलांशी मराठीच बोलायचं हा हट्टही तिचाच. पेशंट दादाइतकाच तिचाही मान ठेवायचे आणि ते बरोबरच होतं.

जायच्या आधी दादाने मला बीपी घ्यायला शिकवलं होतं. त्याचं पाऱ्याचं मशीन आणि स्टेथो माझ्याकडे ठेवला. माझं लग्न नौपाड्यात झालं त्यामुळे रोज माहेरी जाता यायचं, मी आईचं बीपी, बाबांची धाप, झोप, जेवण, सगळं निळ्या एरोग्रामवर लिहून पाठवायची. एकदा मी लिहिलं, आई बरी आहे काळजी करू नकोस, तर उत्तर आलं, "बरी आहे हे अनुमान झालं गं, आकडे कुठायत?" पत्र पोचायला आठ दहा दिवस, उत्तर यायला तेवढेच, म्हणजे औषध त्यावर बदलणं शक्यच नव्हतं, आणि दादा आपल्या इथल्या डॉक्टरांच्या कामात कधी ढवळाढवळ करायचा नाही. तरी त्याला ते आकडे हवे असायचे. फार नंतर वहिनीने सांगितलं की तो त्या आकड्यांचा आलेख काढून ठेवायचा.

बाबा गेले तेव्हा तो पोचला नाही. तार मिळाली त्या रात्री गावात एका बाळंतिणीची तब्येत बिघडली होती, तिला हॉस्पिटलला पोचवून मगच तो निघाला. तो आला तोपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. नातेवाईकांत बोलणी झाली, परदेशात जाऊन आईबापाला विसरला वगैरे. मला त्याचा आजही राग येतो. पैसे तर तो पाठवायचाच, पण बाबांचा प्रत्येक खोकला त्याला माहीत होता, जवळ राहणाऱ्या कितीतरी मुलांना तेवढं माहीत नसतं. आईच्या वेळी मात्र तो महिनाभर येऊन राहिला, रात्री तिच्याजवळ झोपायचा, सकाळी तिला घेऊन रिक्षाने तलावपाळीला फेरी, कौपिनेश्वराला बाहेरूनच नमस्कार. चाळीतले लोक जिन्यात रांग लावायचे, दादा सगळ्यांना बघायचा पण गोळ्या लिहून द्यायचा नाही, तुमच्या डॉक्टरांना हे विचारा म्हणून कागदावर प्रश्न लिहून द्यायचा.

त्याची मुलगी पण डॉक्टर झाली, छातीच्या विकारांची.

हा अंक मी दादाला पोस्टाने पाठवणार आहे. त्याचा एक निरोप आहे तो इथेच लिहिते. शाळेतल्या ज्या मुलामुलींना डॉक्टर व्हायचंय, आणि विशेषतः ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी या लाईनला जातंय, त्यांनी त्याच्याशी जरूर बोलावं. तिकडच्या परीक्षा, प्लॅब वगैरे, आता खूप बदलल्यात, ते त्याची मुलगी सांगेल. इथे राहूनच प्रॅक्टिस करायची असेल तरी बोला, त्याला जास्तच आनंद होईल. फोन नंबर ऑफिसमधे देऊन ठेवलाय, आपल्या दुपारी दोननंतर करा. फोन बहुतेक वहिनीच उचलेल.